अंडं का फुटतं?
(हॉस्टेलच्या मायक्रोवेव्हमागचं शास्त्र आणि थोडा स्वयंपाक)

हॉस्टेलमधल्या मायक्रोवेव्हचं नशीब मोठं विचित्र असतं. त्याच्याकडून आपण दोनच कामं करून घेतो. एक, गार झालेला चहा गरम करणं आणि दोन, मॅगी. घरून आलेल्या पोळ्यांचं चामडं करणं हे तिसरं काम तो न सांगता करतो. खरं म्हणजे रात्री मेस बंद झाल्यावर, सबमिशनच्या आठवड्यात, दोन अंडी आणि एक गाजर एवढ्या भांडवलावर दहा मिनिटांत पोटभर गरम खायला देणारं हे आपल्याकडचं एकमेव यंत्र आहे. शेगडी, कॉइल, इंडक्शन यांना खोलीत बंदी आहे आणि आपलं वायरिंग बघता ती योग्यच आहे. मग उरतो कोण? पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह.

पण त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर एकच ओळ असते : "ओव्हनमध्ये अंडी ठेवू नयेत." का ठेवू नयेत, ते लिहिलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना कारण न सांगता नियम सांगितला की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी करून बघतंच! म्हणून हा लेख. कारण एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आधीच सांगते, मी ई अँड टीसीची, तिसऱ्या वर्षाची. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'वारंवारता' हा शब्द माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. जे शब्द आपण रोज इंग्रजीतच बोलतो, ते इथे तसेच ठेवले आहेत. सूज्ञांनी गोड मानून घ्यावं.

रडारमधून स्वयंपाकघरात

मायक्रोवेव्हचं हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. १९४० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला, तो रडारसाठी. म्हणजे शत्रूची विमानं शोधायला. महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ साली, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे इंजिनिअर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. आपण असतो तर खिसा धुतला असता. त्यांनी मक्याचे दाणे आणून त्याच्यापुढे धरले आणि त्यांच्या लाह्या झाल्या. मग आणलं अंडं. ते एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं असं सांगतात! म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अंडं यांचं भांडण मायक्रोवेव्हच्या जन्माआधीपासूनचं आहे. १९४७ मध्ये विक्रीला आलेला पहिला 'रडाररेंज' जवळजवळ माणसाच्या उंचीचा आणि ३०० किलोच्या वर वजनाचा होता. टेबलावर मावणारा घरगुती ओव्हन त्याच नावाने १९६७ मध्ये आला.

तापतं काय? तर पाणी

आता मुद्द्याचं. आपल्या ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण १२.२ सेंटिमीटर. पाण्याच्या रेणूला एक बाजू जराशी धन आणि एक बाजू जराशी ऋण असते. लहरीतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं आणि पाण्याचे रेणू त्याच्यामागे वळायला बघतात. गर्दीच्या लोकलमध्ये सगळ्यांनी एकदम इकडून तिकडे वळायचं ठरवलं तर जी धक्काबुक्की होईल, तीच इथे होते आणि तीच उष्णता.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "२.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी आहे" असं आपण व्हायव्हामध्येही ठोकून देतो. ते चूक आहे. द्रव पाणी त्याच्या कितीतरी वरच्या वारंवारतेला सगळ्यात जास्त ऊर्जा शोषतं. उलट २.४५ ला ते बेताने शोषतं हेच बरं आहे, नाहीतर सगळी ऊर्जा वरच्या पातळ थरातच संपली असती. आता ती पाणीदार पदार्थात साधारण दोनेक सेंटिमीटर आत शिरते. त्याच्या पलीकडचा भाग नेहमीसारखाच, बाहेरून आत उष्णता पोचून शिजतो. म्हणजे "मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो" हेही खरं नाही.

पाणी तापतं म्हणजे पदार्थ १०० अंशांच्या आसपासच अडकतो. तव्यावरचा खमंग तांबूस रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. म्हणून साध्या मायक्रोवेव्हमध्ये काही खरपूस होत नाही. हा तवा नाही, हे मोदकपात्र आहे असं समजा. एवढं मनाशी ठरवलं की निम्मी निराशा टळते.

पापडाचा प्रयोग

ओव्हनच्या धातूच्या भिंतींवरून लहरी परत येतात, एकमेकींत मिसळतात आणि स्टँडिंग वेव्ह तयार होते. त्यामुळे काही जागा तापतात, काही गारच राहतात. फिरती ताटली त्यासाठीच असते.

हे बघायचं असेल तर ताटली आणि खालचं फिरकीचं चक्र काढून एक कच्चा पापड उलट्या थाळीवर (काचेच्या, स्टीलच्या नाही!) ठेवा आणि जेमतेम अर्धा मिनिट चालवा. जागेवरून हलू नका, डाग पडायला लागले की बंद करा. पापड ठिकठिकाणी फुललेला आणि मधे मधे कच्चा दिसेल. शेजारशेजारच्या फुललेल्या डागांमधलं अंतर सुमारे ६ सेंटिमीटर भरतं, म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्याची दुप्पट गुणिले वारंवारता, की आला प्रकाशाचा वेग! ०.१२२ गुणिले २.४५ अब्ज, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर. उत्तर थोडं इकडेतिकडे येईल, पण फिजिक्सचं प्रॅक्टिकल करून ते खाता आलं असं एवढं एकच.

स्वयंपाकासाठी याचा अर्थ इतकाच : मधे थांबवून ढवळा आणि झाल्यावर एक-दोन मिनिटं झाकून ठेवा. त्या वेळात गरम भागाची उष्णता गार भागात पोचते.

आपला ओव्हन किती वॅटचा?

पाककृतीत "दोन मिनिटं" लिहिलेलं असतं, पण कोणाच्या ओव्हनची दोन मिनिटं? मागच्या पट्टीवर ११०० किंवा १२०० वॅट लिहिलेलं दिसतं ते बहुधा विजेचं, म्हणजे आत जाणारं. अन्नाला मिळतात ७०० ते ८००. खात्री करायची तर एक लिटर साधं पाणी घ्या, लॅबमधल्या थर्मामीटरने तापमान मोजा, फुल पॉवरवर बरोबर एक मिनिट चालवा, ढवळून पुन्हा मोजा. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणा. (४१८० भागिले ६०, बाकी कॅल्क्युलेशन तुमचं तुम्ही.) १० अंश वाढले तर ७०० वॅट. खालच्या सगळ्या वेळा ७०० वॅटच्या आहेत. तुमचा ८०० चा असेल तर वेळ आठवा हिस्सा कमी करा.

आणखी एक. साध्या ओव्हनमध्ये ५० टक्के पॉवर म्हणजे मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीने चालत नाही, तो अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद राहतो. तो जो 'घुर्र... खट्' आवाज येतो तो याचाच.

आता अंडं

अंड्याचं पांढरं म्हणजे जवळजवळ ९० टक्के पाणी. बलकातही साधारण निम्मं पाणीच. बाहेर टरफल, त्याच्या आत पापुद्रा, आणि बलकाला स्वतःची आणखी एक पातळ पिशवी. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. शिवाय अंडं लहान आणि गोल असल्यामुळे चहूबाजूंनी आत शिरलेली ऊर्जा मध्याकडे गोळा होते. म्हणजे आपण काय केलं? एक बंद प्रेशर व्हेसल घेतलं, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवला नाही आणि आतून तापवलं. मेकॅनिकलवाल्यांनी पुढचं सांगायला नको. कुकरला शिट्टी असते, अंड्याला नसते!

"पण मी तर उकडलेलं, सोललेलं अंडं फक्त गरम करते" असं म्हणणाऱ्या मुली आमच्याच मजल्यावर आहेत. हेच जास्त धोक्याचं आहे, कारण ते ओव्हनमध्ये शांत बसतं. घट्ट झालेल्या बलकात पाण्याचे बारीक बारीक कप्पे अडकलेले असतात. ते १०० अंशांच्या वर जातात, तरी त्यांना उकळायला जागा मिळत नाही. मग काटा टोचला किंवा दात लागला की सगळे एकदम उकळतात. अमेरिकेतल्या अकूस्टिकल सोसायटीच्या २०१७ सालच्या अधिवेशनात दोन ध्वनितज्ज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध वाचला. त्यांनी शंभराच्या आसपास उकडलेली अंडी पुन्हा गरम करून बघितली. साधारण ३० टक्के अंडी ओव्हनबाहेर काढून टोचल्यावर फुटली आणि एका फुटावरून मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबलपर्यंत गेला.

आकडे जाऊ देत. मागच्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलमधल्या फर्स्ट इयरच्या एका मुलीने मेसमधलं उकडलेलं अंडं असंच गरम करून घेतलं आणि पॅन्ट्रीतच पहिला घास घेतला. वरचा ओठ आणि टाळू भाजली. आठवडाभर बिचारी गार दहीभातावर होती, आणि इंटर्नलची ओरल तिने लिहून दिली. ओव्हनच्या आत काहीच सांडलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं ओव्हन बिघडला. तो बिघडला नव्हता. तेव्हापासून "ओव्हन काढूनच टाका" अशी चर्चा आहे. माझं म्हणणं एवढंच की ओव्हन काढू नका, त्या कागदावर आणखी एक ओळ लिहा : "अंडं फोडून, फेटून ठेवा. अख्खं नको, उकडलेलंही नको."

फेटल्यावर पिशवीच राहत नाही, मग फुटणार काय? म्हणून हॉस्टेलसाठी सगळ्यात सुरक्षित प्रकार म्हणजे भुर्जी.

भुर्जी : अर्धा कांदा बारीक चिरून, चमचाभर तेल घालून, झाकून एक मिनिट. त्यात दोन अंडी, दोन चमचे दूध, हिरवी मिरची, हळद आणि मीठ घालून काट्याने चांगलं फेटा. भांडं मोठं घ्या, निम्म्याच्या वर भरू नका, कारण अंडं फुगून वर येतं. ४५ सेकंद चालवा, ढवळा. ३० सेकंद, पुन्हा ढवळा. मग १५-१५ सेकंद करत, जरासं ओलं असतानाच थांबा आणि एक मिनिट झाकून ठेवा. उरलेलं ते बसल्या बसल्या शिजतं. पूर्ण कोरडं होईपर्यंत चालवलंत तर रबर होणार. अंड्याचं पांढरं साठ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि बलक सत्तरला बसतो, शंभरची गरजच नाही. मात्र कुठे पातळ, पारदर्शक भाग राहिलेला नाही हे नक्की बघा. ओव्हन एकसारखा तापवत नाही, आणि कच्च्या अंड्यातले जंतू परीक्षेच्या वेळापत्रकाचा विचार करत नाहीत.

बलक अख्खा हवाच असेल तर कपात अर्धा कप पाणी, त्यात अंडं फोडून सोडायचं, टूथपिकने बलकाला दोन-तीन ठिकाणी आणि पांढऱ्याला एक-दोन ठिकाणी टोचायचं, वर बशी. ५० टक्के पॉवरवर एक मिनिट, मग दहा-दहा सेकंद. टोचणं विसरायचं नाही. आणि दार उघडून लगेच तोंड आत घालायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं.

भाज्या : इथे ओव्हन खरा हुशार

अंड्याशी ओव्हनचं जमवून घ्यावं लागतं, पण भाजीशी त्याची मैत्रीच आहे. भाजीत पाणी मुळातच भरपूर. भांड्यात दोन चमचे पाणी घालून, झाकण थोडं उघडं ठेवून वाफवलं की रंग टिकतो. शिवाय सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. इथे पाणी थोडं आणि वेळही थोडा, त्यामुळे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देण्यापेक्षा ते जास्त शिल्लक राहतं. मेसच्या भाजीबद्दल मी काही बोलत नाही.

नियम तीन. तुकडे सारखे करा. जाड तुकडे कडेला आणि कोवळे मधे ठेवा. मीठ शेवटी घाला, आधी वरून भुरभुरलं तर भाजी जागोजागी सुकते.

फ्लॉवर, फरसबी, गाजर, मटार यांची मोठी वाटीभर भाजी तीन ते चार मिनिटांत होते, मधे एकदा ढवळून. पालक-मेथीला धुतल्यावर पानांना राहिलेलं पाणी पुरतं, दोन मिनिटं खूप झाली. मध्यम बटाटा काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचून (पुन्हा तोच सेफ्टी व्हॉल्व्ह!) तीन मिनिटं, उलटवून दोन मिनिटं, मग फडक्यात गुंडाळून थोडा वेळ ठेवायचा. मक्याचं कणीस सालासकट चार मिनिटं, साल हेच त्याचं झाकण. वांग्याला तेलाचा हात लावून, टोचून सहा-सात मिनिटं. भरताला धुराचा वास येणार नाही हे मान्य, पण कच्चा कांदा, कोथिंबीर, दही आणि कच्चं तेल-तिखट घातल्यावर रात्री अकरा वाजता कोण तक्रार करतं?

फोडणी मात्र इथे करू नका. तेलाचे रेणू पाण्यासारखे नाचत नाहीत, ते सावकाश तापतं, पण १०० ला थांबतही नाही. भांडं तडकण्याची आणि आग लागण्याची भीती असते. त्याऐवजी घरून आणलेली लसणाची चटणी, मेतकूट किंवा गोडा मसाला वरून घाला. कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि मसाला ही आपल्याकडची जुनीच युक्ती आहे.

कधी गाजराच्या तुकड्यांमध्ये ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, थांबवून पाणी घाला. कोरडे, जवळजवळ टेकलेले तुकडे असं करू शकतात. द्राक्षांचंही तेच. दोन द्राक्षं एकमेकांना टेकवून ठेवली की मधे चक्क प्लाझ्मा पेटतो, आणि तो का पेटतो यावर कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तुम्ही मात्र द्राक्षं नुसती खा.

भांडी आणि भीती

स्टीलचा डबा चालत नाही, कारण धातूवरून लहरी परत जातात. आतलं अन्न गार राहतं आणि कडांवर ठिणग्या उडतात. सोनेरी काठाची कपबशीही धातूचीच समजा. मेसमधल्या मेलामाइनच्या थाळ्या तर अजिबात नकोत. त्या स्वतः तापतात, तडकू शकतात आणि त्यातला अंश अन्नात उतरू शकतो. आइसक्रीमचे डबे गरम करण्यासाठी बनवलेले नसतात. उष्णता सोसणारी काच किंवा साधी चिनी माती उत्तम. शंका असेल तर रिकामं भांडं आणि शेजारी कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा. पाण्यापेक्षा भांडंच तापलं तर ते बाद.

"रेडिएशनने कॅन्सर होतो ना गं?" हा प्रश्न आमच्याकडे दर आठवड्याला येतो. इथला एक फोटॉन ट्यूबलाइटच्या प्रकाशातल्या फोटॉनपेक्षा सुमारे दोन लाख पटींनी दुबळा असतो. रेणू तोडणं त्याच्या आवाक्यातच नाही, तो फक्त हलवू शकतो. अन्नात मागे काही उरत नाही, उरते ती उष्णता. दाराच्या जाळीची भोकं दोनेक मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटिमीटरची, त्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही. मात्र दार वाकलं असेल, नीट लागत नसेल किंवा जाळी फाटली असेल तर ओव्हन वापरू नका, लगेच ऑफिसमध्ये कळवा. घाबरायचं असेल तर त्याला घाबरा. आणि वाफेला.

ओव्हनशेजारी चिकटवायची यादी

संपादकांनी परवानगी दिली तर हा भाग कापून घ्यायला हरकत नाही.

१. अंडं फोडून, फेटून. टरफलासकट नको, उकडलेलं पुन्हा गरम नको. उकडलेलं अंडं गारच खा, किंवा बारीक चिरून गरम भातात मिसळा.
२. साल किंवा पापुद्रा असलेलं सगळं टोचा. बटाटा, वांगं, टोमॅटो.
३. झाकण ठेवा, पण घट्ट नको. वाफेला वाट हवी.
४. थोडा वेळ चालवा, ढवळा, पुन्हा थोडा वेळ. शेवटी एक मिनिट थांबा.
५. नुसतं पाणी तापवताना त्यात लाकडी चमचा किंवा आइसक्रीमची काडी ठेवा. गुळगुळीत भांड्यातलं पाणी न उकळताच शंभरच्या वर जाऊन हलवल्यावर एकदम उसळू शकतं.
६. रिकामा ओव्हन चालवू नका.
७. अंड्याचं भांडं आणि झाकण वेगळं ठेवा. आपल्यात अंडं अजिबात न खाणाऱ्या आहेत, गुरुवारी-शनिवारी न खाणाऱ्याही आहेत, आणि ओव्हन सगळ्यांचा आहे. झाल्यावर वाटीत पाणी आणि लिंबाची फोड (आणि क्रमांक ५ मधली काडी) घालून तीन मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने पुसा. वास जातो, डाग सुटतात आणि सकाळी मावशींना खरवडत बसावं लागत नाही.

सातही नियमांचं मूळ एकच : तापतं ते पाणी, आणि वाफेला बाहेर पडायला वाट लागते. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर बाकीची यादी हरवली तरी चालेल. आठवा नियम तुम्हीच शोधा, आणि भुर्जी जमली तर दुसऱ्या मजल्यावर एक वाटी पाठवा.